प्रोसेस नंबर २४१७

इथे मी तीनेक वर्षं नुसती वाचते आहे. कधी प्रतिक्रियासुद्धा दिलेली नाही. कुणाला रिकाम्या रस्त्यावर हाक ऐकू आली, कुणाच्या गाडीत मागच्या सीटवर कुणी बसलेलं होतं... वाचून झालं की मी मनातल्या मनात कारण शोधायचे, आणि बहुतेक वेळा मला ते सापडायचं. माझं कामच तसलं आहे. कॉम्प्युटर बिघडला की लोक म्हणतात "आपोआप झालं", आणि आपोआप काही होत नसतं हे दाखवून देण्याचाच मला पगार मिळतो. त्यामुळे हे लिहायला बसायला बरेच महिने गेले. अजूनही वाटतंय, राहू दे.

आधी जागा सांगते. घर हुबळीत, दाजीबानपेठेत. खाली अप्पांचं कापडाचं दुकान, वर आम्ही. नोकरी धारवाडच्या पलीकडे, बेलूरच्या इंडस्ट्रियल एरियात. सकाळी साडेसहाला कंपनीची बस. सव्वा तास जायला, सव्वा तास यायला, आणि मी दोन्ही वेळा झोपलेली असते. कंपनीचं नाव देत नाही. तिथे ट्रॅक्टरला लागणाऱ्या पिन आणि शाफ्ट बनतात. शेडच्या एका टोकाला हीट ट्रीटमेंटच्या, म्हणजे पोलाद तापवून कडक करायच्या, तीन भट्ट्या आहेत, आणि भट्ट्यांच्या मागे काचेची एक खोली. खोलीत मी, कुरकुरणारा एसी आणि एक जुना लिनक्स कॉम्प्युटर. भट्टीचं तापमान किती आहे ते तो दर सेकंदाला एका फाइलमध्ये लिहितो. त्या फाइलला लॉग म्हणतात. एवढंच त्याचं काम.

तो लॉग लिहिणारा प्रोग्राम शैलजा अक्कांचा. त्या माझ्या आधी तिथे एकोणीस वर्षं होत्या. मी रुजू झाले तेव्हा मला कुणाशी बोलायलाच जमायचं नाही. डबासुद्धा मी कॉम्प्युटरसमोर बसून खायचे. अक्कांनी त्याबद्दल कधी काही विचारलं नाही. आपला डबा घेऊन त्या शेजारी येऊन बसायच्या आणि जेवता जेवता स्क्रीनवर काहीतरी दाखवायच्या. प्रॉक मला त्यांनीच दाखवलं.

जे कॉम्प्युटरवाले नाहीत त्यांच्यासाठी सांगते, कारण पुढचं सगळं यावर आहे. लिनक्समध्ये प्रॉक नावाचा एक फोल्डर असतो. आत शेकडो फाइली दिसतात. प्रोसेसर कुठला, मेमरी किती उरली, मशीन कधीपासून चालू आहे. चालू असलेल्या प्रत्येक प्रोग्रामला, म्हणजे प्रोसेसला, एक नंबर मिळतो आणि त्या नंबरचा फोल्डर तिथे उभा राहतो. पण फाइलींची साइझ बघायला गेलात तर बहुतेक शून्य. डिस्कवर त्या नसतातच. आपण उघडायला गेलो की सिस्टिम त्या क्षणी माहिती गोळा करते आणि फाइल असल्यासारखी पुढे ठेवते. वाचून झालं की मागे काही उरत नाही.

"ह्या फाइली नव्हेत गं, ही उत्तरं," अक्का म्हणाल्या होत्या. "केळिदर हेळतैति." विचारलं तर सांगतं. मग भाकरीचा तुकडा मोडत म्हणाल्या, "आणि प्रोसेस मेली की तिचा फोल्डर गेला. तिथे मागचं काही मिळत नाही. आत्ताचं काय ते विचारायचं."

मेमध्ये अक्का गेल्या. आजारपण फार लांबलं नाही. तिसऱ्या दिवशी एचआरचा मेल आला, त्यांचं अकाउंट काढून टाका. नियमच आहे तसा. मी काढलं. काढताना त्यांचा यूजर नंबर टाइप करावा लागला, १००३, म्हणून तो लक्षात आहे. त्यांच्या नावाने चालणारा लॉगचा प्रोग्राम मी थांबवला आणि सिस्टिमच्या नावाने पुन्हा सुरू केला. चालला. मला वाटलं, संपलं.

एक गोष्ट मला माहीत नव्हती. दर महिन्याच्या एक तारखेला अक्कांची एक स्क्रिप्ट लॉगची प्रत दुसऱ्या मशीनवर ठेवायची आणि मूळ फाइल रिकामी करायची. ती त्यांच्या अकाउंटमध्ये होती. अकाउंट गेलं तसं तेही बंद पडलं. कुणाला कळलं नाही. मलाही नाही.

आता खंडेनवमी, दसऱ्याचा आदला दिवस. आमच्याकडे दुकानात त्या दिवशी गज आणि कात्री पूजतात, कारखान्यांत आयुधपूजा. आदल्या दिवशी अख्खी शेड साफ करतात. रॉकेलने मशीनं पुसायची, वर्षभराचं ग्रीस खरवडायचं, फरशी धुवायची. शिफ्ट सुपरवायझर काचेत डोकं घालून म्हणाले, मेडम, तुमच्या डब्यालाही आंघोळ घाला की. मी हसले. मग खरंच साफ करायला घेतलं. कीबोर्ड उलटा करून झटकला, पंख्यातली जळमटं काढली. नंतर डिस्क बघितली, सत्त्याण्णव टक्के भरलेली. भट्टीचा लॉग महिनोन्‌महिने फुगत गेला होता. तो इतका का फुगला हे मी स्वतःला विचारायला हवं होतं. विचारलं नाही. अक्कांच्या प्रती दुसऱ्या मशीनवर आहेतच असं धरून मी तो डिलीट केला. सगळे खरवडत होते, मीही खरवडलं.

डिलीट करूनही डिस्क सत्त्याण्णव टक्केच दाखवत होती. याचं कारण साधं आहे. एखादी प्रोसेस फाइल उघडी धरून बसली असेल तर नाव पुसलं जातं पण मजकूर डिस्कवर राहतो, ती प्रोसेस सोडेपर्यंत. तेव्हाच प्रॉकमध्ये जाऊन त्या प्रोसेसच्या हातातली फाइल परत कॉपी करून घेता आली असती. मला घेण्याची गरज वाटली नाही. उद्या मशीन बंद होईलच, मग होईल जागा मोकळी, असा विचार करून मी बस पकडली.

पूजेच्या दिवशी सगळं बंद करतात. दरवर्षी मेन स्विच मौलालीच काढतात, आमचे इलेक्ट्रिशियन. कोहळाही गेटवर तेच फोडतात. मेन काढण्याआधी काचेच्या खोलीत येऊन त्यांनी यूपीएसची वायर काढली, बॅटरीचे टर्मिनल घासायला सोडवून घेतले आणि म्हणाले, "मेडम, तुमच्या देवाची सुट्टी माझ्या हातात." कॉम्प्युटरचे दिवे माझ्यासमोर गेले. थोड्या वेळाने एसीसुद्धा थांबला. मग कुणीतरी येऊन त्याला विभूतीचे पट्टे ओढले, कुंकू लावलं, झेंडूची माळ घातली. चिरमुरे घेऊन मी घरी आले. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी वीज जोडली. डिस्क एक्केचाळीस टक्के. म्हणजे फाइल खरोखर गेली होती. तेव्हा मला बरं वाटलं होतं.

दहा दिवसांनी पुण्याच्या एका कस्टमरकडून पिनांचा एक लॉट परत आला. मऊ पडल्या होत्या. मऊ म्हणजे भट्टीत तापमान कमी मिळालं, असं सगळ्यांनी लगेच ठरवलं. लॉट सप्टेंबरमधला, पहिल्या पाळीचा. भट्टीवर परसूअण्णा होते.

परसूअण्णा अळणावरजवळच्या एका खेड्यातले. भट्टीसमोर तीस वर्षं काढलेला माणूस. पापण्यांचे केस जळालेले, बोलणं हळू. त्या दिवशी ते गेटजवळ फोनवर बोलताना कुणाला तरी दिसले होते. भट्टी सोडून गेले, तापमान पडलं, लपवून लॉट पुढे ढकलला, असा आरोप होता. चौकशी लागली. सिद्ध झालं तर कामावरून काढणार. कागदावर तापमान काढणाऱ्या रेकॉर्डरची शाई वर्षभरापूर्वीच सुकली होती. पुरावा एकच उरला, माझ्याकडचा लॉग.

त्याच दिवशी दुपारच्या जेवणानंतर ते काचेच्या खोलीत आले. खुर्ची दिली तरी बसले नाहीत.

"रिटायर व्हायला चौदा महिनं राहिल्यात मेडम माझं," ते म्हणाले. "गेटवर पोरीचा फोन आला, धा मिंटं बोललो. भट्टी बगूनच गेलतो. तुमच्या कॉम्प्युटरात हाय न्हवं सगळं? तेवढं काढून दावा. माझं असंल तर माझं म्हणीन."

मी म्हटलं, बघते. ते गेल्यावर मी दुसऱ्या मशीनवर अक्कांच्या प्रती शोधल्या. शेवटची प्रत एक मेची होती.

घरी कुणाला सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी बसमध्ये झोप आली नाही. लेखी देऊन टाकायचं ठरवलं होतं, की लॉग माझ्याकडून पुसला गेला, परसूअण्णांचा यात दोष नाही. पहिल्या भागाला अर्थ होता. दुसऱ्या भागाला पुराव्याशिवाय काही अर्थ नव्हता, हे मलाही कळत होतं.

आता ती दुपार. सव्वादोन वाजले असतील. बाहेर तापलेल्या पिना बुडवायच्या क्वेंचिंग ऑइलचा तो जळका वास, एसीची कुरकुर, डोळ्यांची आग. लेखी देताना सध्याचा लॉग नेमका कधीपासून आहे ते लिहायला हवं, म्हणून मी प्रॉकला विचारलं, मशीन कधीपासून चालू आहे? अकरा दिवस आणि काही तास. बरोबर. मग लॉगची प्रोसेस कधी सुरू झाली ते बघायला यादी काढली.

यादीत लॉगच्या प्रोसेस दोन होत्या.

एक सिस्टिमच्या नावाची, अकरा दिवसांपूर्वीची. ती माझी. दुसरी २४१७ नंबरची. तिच्या मालकाच्या रकान्यात नाव नव्हतं. नुसता आकडा होता. १००३.

नाव नसलेल्या यूजरचा असा आकडाच दिसतो, यात विशेष काही नाही. पण अकाउंट काढल्यावर मी ती प्रोसेस स्वतः थांबवली होती. शिवाय त्यानंतर मशीन दोन दिवस पूर्ण मेलेलं होतं. सुरू झाल्याची तारीख मार्चमधली दाखवत होती. अकरा दिवसांपासून चालू असलेल्या मशीनमध्ये मार्चपासून चालू असलेली प्रोसेस... मी खुर्ची मागे सरकवून बसले. घाबरले असं नाही म्हणणार. खूप थकल्यावर अक्षरं हलतात तसं काहीतरी असेल असं वाटलं. तोंड धुऊन आले. परत यादी काढली. होतीच.

मी तिच्या फोल्डरमध्ये गेले. स्थिती 'स्लीपिंग'. म्हणजे काही करत नव्हती, वाट बघत होती. बऱ्याच प्रोसेस तशाच असतात. कुठल्या फोल्डरमध्ये बसून चालली आहे? अक्कांच्या होम फोल्डरमध्ये, पुढे शब्द 'डिलीटेड'. कुठल्या फाइली उघड्या धरल्या आहेत? एकच महत्त्वाची. भट्टीचा लॉग. पुढे पुन्हा 'डिलीटेड'.

मी ती फाइल दुसऱ्या मशीनवर कॉपी करायची कमांड दिली. चार मिनिटं लागली. त्या चार मिनिटांत मी स्क्रीनवरून नजर काढली नाही, आणि का कोण जाणे, माउसलाही हात लावला नाही.

फाइल उघडली. मेपासूनचा सगळा लॉग होता, दर सेकंदाची ओळ. शेवटची ओळ पूजेच्या दिवशीची, अकरा वाजून अडतीस मिनिटं. मौलालींच्या रजिस्टरमध्ये मेन काढल्याची वेळ अकरा चाळीस आहे.

सप्टेंबरमधला तो दिवस काढला. परसूअण्णांची पूर्ण पाळी तापमान जसं हवं तसं, फार तर चार अंश वर-खाली. दहा मिनिटांच्या फोनमध्येसुद्धा. मला तरीही विश्वास बसेना, म्हणून जुलैमधला एक दिवस तपासला. त्या दिवशी लाइट गेली होती. लॉगमध्ये भट्टीचं तापमान पडलेलं आणि सव्वीस मिनिटांनी परत चढू लागलेलं. सिक्युरिटीच्या जनरेटर रजिस्टरमध्ये जाऊन बघितलं, सव्वीस मिनिटं. हे आकडे माझ्या डोक्यात असणं शक्यच नव्हतं.

परत जागेवर येऊन २४१७ उघडायला गेले तर, असा फोल्डर नाही. यादीत लॉगची प्रोसेस एकच. मी काही थांबवलं नव्हतं. फोटो नाही, कारण फोन आम्ही गेटवरच्या लॉकरमध्ये ठेवतो. आहे ती फक्त कॉपी केलेली फाइल. तिच्यावर मालक म्हणून माझं नाव आणि त्या दुपारची वेळ. बाकी काही नाही.

फाइल मी प्लांट हेडना दिली. हेगडे सर. ते कन्नडमध्ये बोलतात, मी अर्धी कन्नड, अर्धी इंग्लिश. त्यांनी आलेख नीट पाहिले, दोनदा पाहिले. वाईट माणूस नाही, पण त्यांच्याही डोक्यावर कस्टमर होता. मग म्हणाले, मेडम, परवा कस्टमरचा ऑडिटर येणार. तो पहिला प्रश्न विचारेल, हा डेटा आला कुठून? एका ओळीत लिहून खाली सही करा.

मी खरं सांगायचा प्रयत्न केला. लॉग माझ्याकडून डिलीट झाला होता, हे सांगितलं. तेवढ्यावरच त्यांचा चेहरा बदलला. पुढचं सांगायला लागले, की एक जुनी प्रोसेस होती, ती असायला नको होती, तिच्याकडून...

"एक मिनिट," ते म्हणाले. "डिलीट झालेली फाइल, बंद केलेल्या प्रोसेसकडून, शैलजाबाईंच्या नावावरून. हे ऑडिटरला सांगू? तो म्हणेल, मुलीने रात्री घरी बसून आकडे बनवले. मग परसू तर जाईलच, तुम्हीपण जाल." मग आवाज खाली आणून म्हणाले, "बाई दर महिन्याला बॅकअप घ्यायच्या ना?"

मी म्हटलं, घ्यायच्या.

"मग?"

काचेपलीकडे परसूअण्णा तिसऱ्या भट्टीचं दार ओढत होते. त्यांना अजून कामावर ठेवलं होतं, चौकशी संपेपर्यंत. मी पेन घेतलं.

पुढचं लवकर उरकलं. ऑडिटर आला, आलेख बघितले, माझी ओळ वाचून मान डोलावली. मग पोलादाचा तुकडा लॅबला गेला आणि निघालं की भट्टीचा दोष नव्हताच, स्टोअरमध्ये दोन ग्रेडचे बार एकमेकांत मिसळले होते. परसूअण्णांवरची चौकशी मागे घेतली. दुसऱ्या दिवशी ते स्टीलचा एक डबा घेऊन आले, घरचं शेंगाहोळिगे, शेंगदाण्याच्या पोळ्या. ते भट्टीपाशी परत गेले नाहीत, उभे राहिले. विचारलं, कसं गावलं मेडम? सायबास्नी तर पुसलं म्हणालता म्हणं.

त्यांना मात्र मी सगळं सांगितलं. प्रॉक, नंबर, १००३, सगळं. त्यांना त्यातलं किती कळलं मला माहीत नाही. ऐकून झाल्यावर ते कॉम्प्युटरकडे बघत म्हणाले, "शैलाक्कानं उगडी धरली हुती म्हणायची. बाईचं काम तसंच. हातातलं सोडत न्हवती." एवढं बोलून गेले. त्यांना त्याचं काही नवल वाटलं नाही. मला हेवा वाटला.

बेंगळुरूला माझी एक मैत्रीण आहे, दीपा, याच कामातली. तिला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, मशीनचं घड्याळ चुकलं असेल. मग मार्चची तारीख कळते, पण फाइल? ती म्हणाली, मशीन बंद झालंच नसेल. मी दिवे जाताना बघितले होते, आणि अकरा दिवस हा आकडा कुठून आला? ती म्हणाली, फाइलसिस्टिमने परत आणली असेल. तसं कधीकधी होतं, पण मग ती डिस्कवर सापडते, आणि डिस्कची मोकळी जागा कमी होते. मोकळी जागा तितकीच होती. शेवटी ती म्हणाली, तू दमलेली होतीस. होते. पण दमलेल्या माणसाला वीस-बावीस कोटी अक्षरं आणि जुलैमधली सव्वीस मिनिटं दिसत नाहीत.

त्यानंतर मी नव्या स्क्रिप्टने रोजच्या रोज प्रत घेते. कामाला सुरुवात करण्याआधी यादी काढते. १००३ पुन्हा दिसला नाही. दिसावा असं वाटतं की नको, ते मला सांगता येत नाही.

इथे बरेच जण शेवटी विचारतात की तुमचा आता विश्वास बसला का. मला नाही माहीत. कारण सापडलेलं नाही, एवढंच सांगू शकते, आणि आता ते सापडेल असंही वाटत नाही. माझी अडचण वेगळी आहे. ऑडिटला दिलेला तो रिपोर्ट अकरा पानांचा आहे. त्यातला प्रत्येक आकडा खरा आहे. ज्याच्यावर कुणी विश्वास ठेवला नसता तेच खरं आहे. 'मासिक बॅकअपमधून मिळालेला डेटा' ही एकच ओळ खोटी आहे, तिच्यावर सगळ्यांनी विश्वास ठेवला, आणि तिच्याखाली सही माझी आहे.